घंटेचं गाणं

पँथर हे नाव १९७२ साली आपल्याकडं अमेरिकेतल्या काळ्यांकडून आलं. त्यांची गाणी फार कमी आली. म्हणून हे लिहितोय.

चेंबर्स ब्रदर्स हे मिसिसिपीतले चार सख्खे भाऊ. घर दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणारं. गळा तयार झाला चर्चमध्ये. ड्रमवर मात्र गोरा पोरगा, ब्रायन कीनन. 'टाइम हॅज कम टुडे' त्यांनी १९६६ ला छोटंसं रेकॉर्ड केलं, कुणी विचारलं नाही. १९६७ ला तेच अकरा मिनिटांचं केलं. गुरांच्या गळ्यातली असते तसली घंटा घड्याळागत टकटक करते, मंद होत होत पार थांबायला येते. मग किंकाळ्या, हसणं, घुमणारे आवाज. आणि ताल पुन्हा उधळतो. हा ताल म्हणजेच सगळा अर्थ, असं मला वाटतं. १९६८ ला, किंगचा खून झाला त्याच साली, कापून छोटं केलेलं गाणं अमेरिकेच्या यादीत ११ व्या नंबरावर गेलं.

पैसा? लेस्टर चेंबर्सनं २०१२ ला जाहीर सांगितलं, १९६७ ते १९९४ रेकॉर्डचा एक छदाम मिळाला नाही. आपल्या जलसेवाल्यांना हे नवं नाही. २०१३ ला, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यानं कॅलिफोर्नियात दुसरं एक गाणं मारल्या गेलेल्या ट्रेव्हॉन मार्टिनला अर्पण केलं. एक बाई स्टेजवर चढली आणि म्हाताऱ्याला ढकलून पाडलं.