नारा: मान झुकवणारी हरणं आणि भारतीय भिक्षूने ‘डोळे उघडलेला’ बुद्ध

जपानमधल्या हरणांचा एक व्हिडिओ दर काही महिन्यांनी सोशल मीडियावर नव्याने फिरायला लागतो. पर्यटक मान झुकवतो, समोरचं हरीणही झुकवतं आणि खाली कमेंट्समध्ये ‘बघा, तिथले प्राणीसुद्धा किती शिस्तीचे’ असा सूर लागतो. दृश्य खरं आहे, पण कौतुक थोडं चुकतं. हरीण मान झुकवतं ते बिस्किटासाठी. बिस्किट मिळायला उशीर झाला, तर तेच हरीण शर्ट ओढतं, मागून ढुशी देतं, प्रसंगी चावतंही.

ही हरणं नारा शहरातली. इ.स. ७१० ते ७८४ या काळात बहुतेक वर्षं जपानची राजधानी इथे होती. आज क्योतो किंवा ओसाकाहून रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास इथे पोहोचता येतं, त्यामुळे बहुतेक पर्यटक सकाळी येऊन संध्याकाळी परततात. शहरात दोन मुख्य स्टेशनं आहेत. त्यातलं किंतेत्सु-नारा उद्यानाला जास्त जवळ आहे.

उद्यानाला कुंपण नाही आणि हरणं पाळीव नाहीत. कासुगा मंदिराचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी आख्यायिका असल्याने त्यांना देवाचे दूत मानलं जातं. तरीही दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अवघी ७९ हरणं उरली होती. १९५७ मध्ये त्यांना ‘नैसर्गिक स्मारक’ म्हणून संरक्षण मिळालं आणि आज त्यांची संख्या हजाराच्या बरीच वर गेली आहे.

आता धोका वेगळाच आहे. २०१९ मध्ये मेलेल्या काही हरणांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे सापडले. त्यातला एक तब्बल ४.३ किलोचा होता. पिशवीला खाऊचा वास येतो, हरीण ती गिळतं, पिशवी पोटात अडकते आणि पोट भरलेलं असूनही ते उपाशी मरतं. उद्यानात मिळणारी बिस्किटं मात्र तांदळाचा कोंडा आणि पीठ यांची, साखर नसलेली असतात. गठ्ठ्याची कागदी पट्टीसुद्धा हरणाने खाल्ली तरी अपाय होणार नाही अशी बनवतात. म्हणूनच वेफर्स, ब्रेड असलं काहीही हरणांना द्यायचं नाही आणि आपला कचरा बॅगेत घालून परत न्यायचा. हरणं तोंड घालतात म्हणून इथल्या कचराकुंड्याही एके काळी काढून टाकल्या होत्या. शरद ऋतूत माजावर आलेल्या नरांपासून आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाडसं असलेल्या माद्यांपासून लांब राहिलेलं बरं.

हरणांच्या गर्दीतून वाट काढली की तोदाइजी मंदिर येतं. आत सुमारे १५ मीटर उंचीचा कांस्य बुद्ध बसलेला आहे. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीने जपानमध्ये हाहाकार माजला होता. पुढे ७४३ मध्ये देशावरची संकटं टळावीत म्हणून सम्राट शोमू याने ही मूर्ती घडवण्याचा हुकूम काढला. ७५२ मध्ये मूर्तीचे डोळे रंगवून तिची प्रतिष्ठापना झाली. तो मान मिळाला बोधिसेन या भारतीय भिक्षूला! ७३६ मध्ये तो चीनमार्गे जपानला पोहोचला होता. त्याच्या कुंचल्याला एक लांबलचक दोरी बांधली होती आणि जमलेल्या लोकांनी पुण्यात वाटा मिळावा म्हणून ती हाती धरली होती. तो कुंचला आणि ती निळी दोरी आजही जपून ठेवलेली आहे. भारतीय पर्यटकांच्या रील्समध्ये हरणं भरपूर दिसतात, बोधिसेन क्वचितच.

मंदिराची इमारत ११८० आणि १५६७ अशी दोनदा आगीत गेली. आजची वास्तू १७०९ ची आहे. मूळ इमारतीची रुंदी यापेक्षा दीडपट होती, हे ही वास्तू समोर पाहताना पटकन पटत नाही.

तिथून जंगलातल्या वाटेने कासुगा ताइशा मंदिर गाठता येतं. वाटेवर आणि आवारात दगडाचे आणि धातूचे मिळून सुमारे ३,००० कंदील आहेत. वेळ कमी असेल तर तोदाइजीमागच्या टेकडीवरचं निगात्सुदो तेवढं चुकवू नये. तिथे तिकीट नाही, सज्जा संध्याकाळीही खुला असतो आणि दिवे लागायच्या वेळी तिथून सगळं नारा दिसतं. खाली उतरून स्टेशनवर चालत जायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ हाताशी ठेवावा. वाटेत हरणं पुन्हा आडवी येतातच.