शिवगढची सासू आणि लखनौचा सल्लागार

लखनौ म्हटलं की आपल्या लोकांना भातखंडे आठवतात. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी इथे संगीत महाविद्यालय सुरू केलं, ते आजही त्यांच्या नावाने विद्यापीठ म्हणून चालतं. मी पायदळातून निवृत्त होऊन इथेच राहिलो, त्यामुळे भातखंड्यांवर बोला असा आग्रह नेहमी होतो. आज मात्र विषय वेगळा आहे: लखनौत बसून जगाला आरोग्याचा सल्ला देणारे डॉ. विश्वजीत कुमार.

जागतिक आरोग्य सल्ला हा आता मोठा व्यवसाय आहे. पैसा वॉशिंग्टन, सिएटल, जिनिव्हाहून निघतो, अहवाल तिकडेच परत जातो आणि मधल्या मध्ये आपला एखादा जिल्हा येतो. सल्लागार चार दिवस येतो, सादरीकरण करतो, विमान पकडतो. फौजेतही आम्ही अशी इन्स्पेक्शनं पुष्कळ पाहिली आहेत. साहेब येईपर्यंत झाडांच्या बुंध्यांना चुना लावून तयार!

विश्वजीत कुमार यांना त्या रांगेत बसवता येत नाही. त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि काम मांडलं रायबरेली जिल्ह्यातल्या शिवगढ या विकासखंडात. पुढे लखनौत आरती कुमार यांच्यासह ‘कम्युनिटी एम्पॉवरमेंट लॅब’ ही संस्था उभी केली. नफा वाटून घेणारी ही कंपनी नव्हे. पण माणसं जमवणं, पैसा उभारणं आणि फसण्याची जोखीम अंगावर घेणं याला उद्योजकता म्हणत असतील, तर ते उद्योजक आहेत.

शिवगढचा प्रश्न होता जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतल्या मृत्यूंचा. उत्तर भारतातल्या खेड्यांत बाळ जन्मलं की वार पडेपर्यंत ते जमिनीवरच राही. अंगावरचा पांढरा चिकट थर घाण समजून त्याला लगेच आंघोळ घालत. पहिलं दूध देत नसत. बाळ गार पडे, आणि गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही. इथून पुढे काय होतं ते सांगायला नको.

‘सक्षम’ नावाचा त्यांचा प्रयोग २००४-०५ मध्ये झाला. शिवगढची सुमारे १ लाख ४ हजार वस्ती ३९ भागांत होती, तिचे तीन गट केले. एका गटात नेहमीचीच व्यवस्था. दुसऱ्या गटात गावातलाच प्रशिक्षित ‘सक्षम सहायक’ बाळंतपणाआधी दोनदा आणि नंतर दोनदा घरी जाई. तिसऱ्यात हेच, शिवाय बाळाच्या अंगावर लावायची एक टिकली, जी बाळ गार पडलं की हिरव्याची काळी होते.

औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसतं बोलणं. पण कोणाशी? एकट्या सुनेशी बोलून भागत नव्हतं. बाळाला आंघोळ कधी घालायची हे घरात सासू ठरवते, म्हणून सासू, नवरा, दाई, शेजारणी अशा सगळ्यांशी बोलणं झालं. बाळ पुसा, आंघोळ पुढे ढकला, आईच्या उघड्या छातीशी धरा, लगेच पाजा. हे छातीशी धरणं बोगोताच्या डॉक्टरांनी १९७८ च्या सुमारास रुग्णालयात सुरू केलं होतं. इथे ते शेणाने सारवलेल्या घरात आलं.

निकाल २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दुसऱ्या गटात नवजात मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी, टिकलीवाल्या गटात ५२ टक्क्यांनी. म्हणजे टिकलीने वेगळं काही साधलं नाही. यंत्रावर भिस्त ठेवणाऱ्या आम्हा फौजी मंडळींना हा आकडा जरा टोचतो.

आपल्याला यावर गडचिरोली आठवणं साहजिक आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही जॉन्स हॉपकिन्सचेच. त्यांच्याही प्रयोगात ३९ गावं, हा निव्वळ योगायोग. १९९९ च्या त्यांच्या निबंधात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पण तिथे गावातली बाई बाळाला तपासून जंतुसंसर्गावर इंजेक्शनही देत होती. शिवगढमध्ये औषधाशिवाय निम्म्याहून जास्त मृत्यू टळले, म्हणून जगाने कान टवकारले.

आता दुसरी मोहीम, आणि माझ्या मते या कारकिर्दीची खरी परीक्षा तीच. प्रसूतीच्या वेळी परिचारिकेने करायच्या गोष्टींची एक यादी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केली होती. बॉस्टनचे डॉ. अतुल गावंडे तिच्या मागे होते (वडिलांकडून ते यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, म्हणजे आपलेच). कर्नाटकातल्या एका प्रसूतिकेंद्रात ती वापरून पाहिली, तेव्हा २९ पैकी सरासरी १० गोष्टी होत होत्या, त्या २५ वर गेल्या. मग उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांत १२० सरकारी केंद्रं निवडली. भागीदारांत लखनौची ही संस्था होती, बेळगावचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयही होतं. निम्म्या केंद्रांत आठ महिने प्रशिक्षक येऊन परिचारिकांना शिकवत होते. दीड लाखांहून जास्त बाळंतपणांची नोंद झाली.

दोन महिन्यांनी पाहिलं तर प्रशिक्षित केंद्रांत आवश्यक गोष्टींपैकी ७२.८ टक्के होत होत्या, इतरत्र ४१.७. कवायत उत्तम! पण बाळाचा मृत्यू, आईचा मृत्यू किंवा आईची गंभीर गुंतागुंत, यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण इकडे १५.१ टक्के आणि तिकडे १५.३. म्हणजे फरक नाही. प्रशिक्षक थांबल्यावर चार महिन्यांनी ७२.८ चे ६१.७ झाले होते.

यादीत हात धुणं येतं. पण बाळ अडलं तर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर यादीतून येत नाही. आणि शिवगढमध्ये घरातलं माणूस जसं बदललं, तसं इथे बदललं ते ड्यूटीवरचं माणूस. बाळ-बाळंतीण घरी गेल्यावर पुढचे दिवस कोणी सांभाळले, तिथवर यादी पोहोचतच नव्हती. हा माझा अंदाज, पायदळातल्या माणसाचा. डॉक्टर मंडळींनी तो जरूर खोडावा.

इतका खर्च, इतकी मोठी नावं, आणि मृत्यू कमी झाले नाहीत. असे अहवाल कपाटात जाताना मी पाहिले आहेत. हा डिसेंबर २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आकड्यांसकट छापून आला. लेखकांच्या यादीत शेवटून तिसरं नाव बेळगावचे कोडकणी, मग विश्वजीत कुमार, आणि सर्वांत शेवटी गावंडे.