झोतापासून पडद्यापर्यंत

चित्रपटाच्या इतिहासावर मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. दिग्दर्शक, नट, संगीतकार, स्टुडिओंचे मालक यांची चरित्रे आहेत, अधूनमधून छायालेखकही भेटतो. पण प्रेक्षकांच्या पाठीमागे, बाल्कनीच्याही वर, केबिनच्या भिंतीतल्या चौकोनी झरोक्यामागे उभा असलेला ऑपरेटर या लेखनात जवळजवळ नाहीच. चित्रपट पूर्ण होतो तो मात्र त्याच्या हातून. रिळात किंवा फाइलमध्ये जे असते तो अजून चित्रपट नव्हे. विशिष्ट खोलीत, विशिष्ट पडद्यावर, ठरावीक उजेडात आणि ठरावीक वेगाने तो उमटतो तेव्हा तो चित्रपट होतो. त्यातला प्रत्येक निर्णय कोणीतरी घेतलेला असतो, किंवा घ्यायचा राहून गेलेला असतो. प्रक्षेपणाचा अभ्यास म्हणजे या निर्णयांचा अभ्यास.

मुंबईत हा अभ्यास करायचा तर फार लांब जावे लागत नाही. काळा घोडा ते लालबाग हे अंतर चालून जाण्यासारखे आहे, आणि भारतातल्या प्रक्षेपणाचा बराचसा आरंभ याच पट्ट्यात घडला. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या तेव्हा तिकीट एक रुपया होते. त्यांचे सिनेमॅटोग्राफ हे एकच यंत्र चित्रण करी, प्रती काढी आणि पडद्यावर चित्रही टाकी. ते हाताने फिरवायचे असे. म्हणजे चित्रातली माणसे किती वेगाने चालणार हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून होते.

ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण तिच्यामुळे इतिहासाची आकडेवारीही हलते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्याची लांबी ३,७०० फूट होती असे नोंदले गेले आहे आणि कालावधी बहुतेक ठिकाणी चाळीस मिनिटे दिलेला असतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. सेकंदाला २४ चौकटी या बोलपटाच्या वेगाने मिनिटाला ९० फूट फिल्म सरकते आणि ३,७०० फुटांना एक्केचाळीस मिनिटे लागतात. मूकपटांच्या काळात रूढ असलेल्या १६ चौकटींच्या वेगाने मात्र सेकंदाला बरोबर एक फूट सरकतो, आणि तोच चित्रपट तासाभराहून थोडा अधिक चालतो. फाळक्यांच्या पहिल्या प्रेक्षकांनी किती वेळ चित्रपट पाहिला, हा प्रश्न म्हणूनच आधी प्रक्षेपणाचा आहे आणि मग चित्रपटशास्त्राचा.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि हाताचे हे स्वातंत्र्य संपत आले. आवाज आला की वेग बदलता येत नाही, बदलला की गाणे बेसूर होते. ऑपरेटरचे कसब मग दुसरीकडे वळले. एक हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते, म्हणून केबिनमध्ये दोन यंत्रे शेजारी शेजारी असत. चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर चमकून जाणारा गोल ठिपका पाहून एका यंत्रावरून दुसऱ्यावर असे जायचे की खाली बसलेल्यांना कळूही नये. प्रकाशासाठी दोन कार्बनकांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवलेली असे. कांड्या जळत जात तसे त्यांच्यातले अंतर जुळते ठेवावे लागे, नाहीतर पडदा पिवळा पडायचा. सेंट्रल थिएटरात ‘संत तुकाराम’ वर्षाहून अधिक काळ चालला. त्या यशाच्या कथा सांगताना, इतके आठवडे रोजच्या रोज ही ज्योत ज्यांनी सांभाळली त्यांचीही नोंद आपल्याकडे असायला हवी होती.

केबिनची वास्तू हा स्वतंत्र आणि फार समृद्ध विषय आहे. १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म एकदा पेटली की विझवणे जवळजवळ अशक्य असे, कारण जळताना ती स्वतःच प्राणवायू सोडते. म्हणून केबिनच्या भिंती जाड, झरोके लहान आणि प्रत्येक झरोक्यावर वरून खाली पडणारे लोखंडी झाकण. नायट्रेट गेली तरी तिने घडवलेली वास्तू राहिली. आज त्याच केबिनमध्ये डिजिटल प्रोजेक्टर बसवणाऱ्याला त्याच अरुंद झरोक्यातून झोत काढावा लागतो. झरोक्याची जुनी काच हिरवट झाकेची असेल तर महागड्या यंत्राचा पांढरा रंगही तिच्यातून जाताना हिरवट होतो. काच बदलून परावर्तन टाळणारा लेप असलेली बसवावी आणि ती किंचित तिरकी ठेवावी. रंगाच्या तक्रारींपैकी काही एवढ्यानेच मिटतात.

केबिन उंचावर असल्यामुळे झोत खाली उतरतो आणि चित्र वर अरुंद, खाली रुंद होते. जुन्या ऑपरेटरांनी यावर काढलेला उपाय मला आजही विलक्षण वाटतो. यंत्राच्या गेटमध्ये जी धातूची पट्टी चौकटीची कड ठरवते, ती ते कानशीने थोडी थोडी घासत. पुन्हा बसवायची, पडद्यावर बघायची, पुन्हा घासायची, असे करत पडद्यावरची कड सरळ येई. ती पट्टी त्या एकाच थिएटरसाठी बनलेली असे, दुसरीकडे निरुपयोगी. बंद पडलेल्या थिएटरांच्या भंगारात अशा किती पट्ट्या गेल्या असतील याचा विचार अस्वस्थ करतो, कारण त्या त्या वास्तूच्या भूमितीचा हाताने केलेला दस्तऐवजच होत्या.

डिजिटल प्रक्षेपणाचा पाया असलेली सूक्ष्म आरशांची चिप लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये तयार केली. नखाएवढ्या आकाराचे नव्हे, केसाच्या जाडीहूनही लहान असे लाखो आरसे सेकंदाला हजारो वेळा कलतात आणि प्रकाश भिंगाकडे पाठवतात किंवा बाजूला टाकतात. चित्रपटगृहातल्या यंत्रात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी अशा तीन चिप असतात. एकच चिप आणि फिरते रंगचक्र असलेल्या स्वस्त यंत्रात मान वळवली की पांढऱ्या अक्षरांभोवती इंद्रधनुष्य चमकून जाते. हॉलीवूडच्या स्टुडिओंनी मिळून केलेले मानक २००५ मध्ये आले. त्यात आडवे २,०४८ किंवा ४,०९६ बिंदू, पडद्याच्या पांढऱ्याची तेजस्विता प्रति चौरस मीटर ४८ कँडेला आणि चित्रपटाची फाइल चालवणाऱ्या प्रत्येक सर्व्हरसाठी ती फाइल उघडणारी वेगळी, ठरावीक मुदतीची किल्ली ठरवून दिली. भारतात मात्र बहुसंख्य एकपडदा थिएटरांनी आधी या मानकाबाहेरची, उपग्रहाने चित्रपट पोहोचवणारी स्वस्त व्यवस्था स्वीकारली. तिला कमी लेखणे मला पटत नाही. तिच्यामुळे लहान गावातल्या प्रेक्षकाला घासून पांढरी झालेली पाचवी प्रत बघावी लागणे थांबले आणि मराठी निर्मात्याच्या डोक्यावरचा प्रतींचा खर्च उतरला.

पण या बदलाबरोबर एक समज पसरला की आता यंत्र स्वतःच सगळे जमवून घेते. या क्षेत्रातल्या नवागताने तो आधी बाजूला ठेवावा. यंत्राला खोली दिसत नाही.

प्रकाशाचा हिशेब घ्या. सहा मीटर रुंद, १६:९ प्रमाणातला साधा मॅट पडदा म्हणजे सुमारे २० चौरस मीटर. त्यावर ४८ कँडेलाचे तेज हवे तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १५० ल्युमेन, म्हणजे एकूण तीन हजारांच्या आसपास ल्युमेन पडायला हवेत. हा आकडा पडद्यावर पोहोचलेल्या प्रकाशाचा आहे, खोक्यावर छापलेला नव्हे. दिवा जुना होतो, भिंग आणि काच थोडा प्रकाश खातात, म्हणून यंत्र घेताना दुपटीचा विचार करावा. पडद्याची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट आणि गरज बारा हजारांवर.

आता हेच यंत्र लालबागच्या एखाद्या मंडपात न्या. मंडपातल्या दिव्यांचा ५० लक्स, म्हणजे चौरस मीटरमागे ५० ल्युमेन, उजेड पडद्यावर पडतो असे धरू. यंत्राचा पांढरा १५० लक्स. म्हणजे पडद्यावर पांढरे २०० आणि काळे ५०, अवघा चारास एक भेद. चित्रातली रात्र राखाडी होते आणि कार्यकर्ते म्हणतात, अजून पॉवरफुल मशीन मागवा. त्याआधी पडद्याकडे तोंड केलेले दिवे फिरवावेत. तेही शक्य नसेल तर पडदा निम्म्या रुंदीचा करावा. तोच प्रकाश चौथ्या भागावर पडतो, पांढरे ६५० लक्सवर जाते आणि भेद तेरास एक होतो. अंधार मिळणारच नसेल तिथे एलईडी भिंत लावणे शहाणपणाचे, कारण काळा रंग दाखवण्यासाठी प्रोजेक्टरकडे अंधाराशिवाय दुसरे साधन नाही. चाळीच्या चौकात दोरीवर चादर बांधून १६ मिलिमीटरचा चित्रपट दाखवणाऱ्यांना हे ठाऊक होते. ते आधी गॅलऱ्यांमधले दिवे बंद करायला सांगत. चादरीच्या मागून बघणाऱ्यांना नावे उलटी दिसत, पण अंधार मात्र दोन्ही बाजूंना सारखा असे.

यंत्र कुठे टांगायचे हे भिंगावरून ठरते. पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी हे गुणोत्तर काढले की कोणते भिंग लागेल ते कळते. १२ मीटरवरून ६ मीटरचे चित्र हवे तर दोनचे भिंग. यंत्र पडद्याच्या मध्यावर येत नसेल तर भिंग वर-खाली सरकवण्याची सोय वापरावी, कारण त्यात एकही बिंदू वाया जात नाही. चित्र संगणकाने वाकवून सरळ करण्याचे बटण हाताशी असते आणि म्हणूनच ते फार दाबले जाते. ते बिंदू कापते, अक्षरांच्या कडा खरबरीत करते, आणि कापलेल्या भागात राखाडी पट्टा सोडते. कानस घेऊन बसणाऱ्या ऑपरेटरनेही कडच घासली होती, आतल्या चित्राला हात लावला नव्हता. नाटकाच्या रंगमंचावर अडचण वेगळी असते. समोरून झोत टाकला की नटाची सावली देखाव्यावर पडते, म्हणून मागून किंवा फार जवळून चित्र टाकणारे भिंग निवडावे लागते, आणि विंगेतली खोली आधी टेपने मोजावी लागते.

जुळवणीच्या शेवटच्या टप्प्याबद्दल मी थोडा आग्रही आहे. ‘संत तुकाराम’सारखा जुना चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत घेतलेला आहे. तो रुंद पडदा भरण्यासाठी आडवा ताणला की तुकारामांच्या भूमिकेतल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा सुमारे तीस टक्क्यांनी रुंद होतो. त्या कृश, अंतर्मुख चेहऱ्यावर सगळा चित्रपट उभा आहे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत, प्रेक्षक दोन मिनिटांत ते विसरतो. वेगाचेही तसेच. २४ चौकटींचा चित्रपट दूरचित्रवाणीच्या २५ चौकटींच्या मानकातल्या प्रतीवरून चालवला आणि आवाजाची दुरुस्ती केलेली नसेल, तर दोन तासांचा खेळ सुमारे पाच मिनिटे आधी संपतो आणि काळी एकमधला अभंग काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतो. पेटी वाजवणाऱ्या श्रोत्याला हे लगेच टोचते. काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा प्लेअर आणि प्रोजेक्टर यांत वेगवेगळ्या ठरवलेल्या असल्या तर सगळे चित्र धुरकट दिसते किंवा सावल्यांतला तपशील गिळला जातो. हा दोष यंत्राच्या माथी मारला जातो, प्रत्यक्षात मेनूतली एक ओळ बदलायची असते.

मुंबईच्या हवेचा वेगळा धडा आहे. खारी दमट हवा, बांधकामांची धूळ आणि गर्दीच्या सणांतला धूप यांनी फिल्टर लवकर भरतो. भरला की यंत्र तापते आणि दिव्याचे आयुष्य घटते. पावसाळ्यात वापराविना पडलेल्या भिंगावर बुरशी धरते. झेनॉनचा दिवा थंड असतानाही आत मोठा दाब असतो, म्हणून चेहऱ्यावर कवच आणि हातमोजे घातल्याशिवाय त्याला कोणीही हात लावू नये. लेसर यंत्रात दिवा बदलण्याची कटकट नाही, पण झोत माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून जाणार नाही याची काळजी दुप्पट घ्यावी लागते.

हे सगळे ज्ञान पुस्तकांत थोडे आणि माणसांत जास्त आहे. गिरगावातले मॅजेस्टिक कधीच पाडले गेले, दादरचे चित्रा २०१९ मध्ये बंद झाले. ज्यांनी कार्बन, झेनॉन आणि सर्व्हर तिन्ही हाताळले असे ऑपरेटर आता निवृत्तीच्या वयाचे आहेत किंवा त्यापुढचे. या विषयाच्या विद्यार्थ्याने तांत्रिक मानके वाचावीतच, पण त्याआधी परळ-लालबागच्या चाळींत जाऊन अशा माणसांच्या मुलाखती घ्याव्यात, त्यांच्याकडच्या वह्या, परवाने आणि सुटे भाग यांची छायाचित्रे काढावीत, बंद थिएटरच्या केबिनचे मोजमाप करून ठेवावे. इतिहासकाराला इथे पान्हा धरता यायला हवा आणि तंत्रज्ञाला टिपण करता यायला हवे. गणित आठवीच्या पलीकडचे लागत नाही. आरंभाला एक मोजपट्टी, एक साधा लक्समीटर आणि आडव्या-उभ्या रेषांचे चाचणीचित्र पुरेसे आहे. जवळच्या कोणत्याही सभागृहात परवानगी घेऊन पडद्याचे चार कोपरे आणि मध्य मोजा, दिवे लावून आणि बंद करून. हे दहा आकडे तारीख आणि यंत्राच्या नावासह लिहून ठेवले की त्या सभागृहाची पहिली नोंद तयार होते.