कॉलनीच्या रस्त्यावर गाडीचा धक्का लागला तर: काय पाहावे, काय करावे?

"डॉक्टर, काल संध्याकाळी आई देवळातून येत होती. मागून स्कूटरचा धक्का लागला आणि पडली. तसं काही फार लागलं नाही, पण आज सकाळपासून डोकं दुखतंय म्हणते." दवाखान्यात असे सांगणारे नातेवाईक नेहमी भेटतात. अनेकदा खरोखरच फार काही झालेले नसते. पण बाहेरून खरचटलेले दिसत नाही म्हणून आतून इजा नाही, असे समजणे धोक्याचे आहे.

घराजवळचा रस्ता सुरक्षित का नसतो?

कॉलनीत पदपथ नसतो, किंवा असला तरी त्यावर गाड्या उभ्या असतात. त्यामुळे मुले, ज्येष्ठ नागरिक आणि गाड्या एकाच रस्त्यावर येतात. अशा ठिकाणी सर्वात महत्त्वाचा असतो वेग. ताशी ३० किलोमीटरच्या तुलनेत ५० च्या वेगाने येणाऱ्या गाडीच्या धडकेत जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा असते. मूल अचानक आडवे आले तर ब्रेक दाबेपर्यंत चालकाचा साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ३० च्या वेगाची गाडी सुमारे ८ मीटर, तर ५० च्या वेगाची सुमारे १४ मीटर पुढे आलेली असते. म्हणूनच जिथे माणसे आणि वाहने एकत्र असतात तिथे वेग ३० च्या आत ठेवावा, अशी शिफारस २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आहे.

धक्का लागल्यावर लगेच काय करावे?

- जखमीला हाताला धरून ओढून उठवू नका. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर जागेवरून हलवू नका. मागून येणारी वाहने मात्र थांबवा.
- रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा. हळद, चुना, कॉफी पावडर लावू नका.
- पाणी, चहा पाजू नका. बेशुद्ध व्यक्तीच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते.
- उलटी होत असेल तर मान व पाठ सरळ रेषेत ठेवून कुशीवर वळवा.
- १०८ किंवा ११२ वर फोन करा.

मदत करायला घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आहे. सद्हेतूने मदत करणाऱ्याला त्यामुळे संरक्षण मिळते आणि त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. शिवाय केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेनुसार, वाहनाच्या अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचार मिळू शकतात. रुग्णालयात त्याची चौकशी करा.

कोणती लक्षणे दिसल्यास लगेच रुग्णालयात न्यावे?

- थोडा वेळही शुद्ध हरपणे, अपघात कसा झाला ते न आठवणे
- वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी
- जास्त झोप येणे, असंबद्ध बोलणे, झटका येणे
- नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाणी येणे
- हात-पाय कमजोर पडणे, बोलताना अडखळणे
- पोट किंवा छाती दुखणे, दम लागणे, लघवीतून रक्त येणे
- पायावर भार देता न येणे, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसणे (खुब्याचे हाड मोडल्याची शक्यता)

डोक्यात रक्तस्राव झाला असला तरी सुरुवातीचे काही तास रुग्ण नीट बोलतो, चालतो आणि नंतर बिघडतो, असे होऊ शकते. म्हणून डोक्याला मार लागला असेल तर पहिले २४ तास रुग्णाला एकटे ठेवू नका.

कोणाची जास्त काळजी घ्यावी?

वयस्कर व्यक्ती आणि रक्त पातळ होण्याची औषधे (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन इत्यादी) घेणारे रुग्ण. यांच्या डोक्याला मार लागला असेल, तर लक्षणे नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि औषधांची चिठ्ठी सोबत न्या. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. वृद्धांमध्ये मेंदूभोवती हळूहळू रक्त साठून दोन-तीन आठवड्यांनीही विसरभोळेपणा, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. त्याला 'वय झालं' म्हणून सोडू नका. तेव्हा डॉक्टरांना पडल्याची घटना आवर्जून सांगा.

धक्का टाळण्यासाठी

- पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.
- अंधारात फिकट रंगाचे कपडे घाला, टॉर्च बाळगा. चालताना मोबाइल खिशात ठेवा.
- लहान मुलांचा हात धरा. त्यांना गाडीच्या वेगाचा अंदाज येत नाही. उभ्या गाड्यांमधून रस्ता ओलांडू देऊ नका.
- गाडी मागे घेण्यापूर्वी खाली उतरून मागे पाहा.
- गतिरोधक, दिवे आणि मोकळ्या पदपथासाठी सोसायटीतर्फे महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना लेखी अर्ज द्या. गतिरोधकावर पांढरे पट्टे हवेतच, नाहीतर दुचाकीस्वार पडतात.

आणि आपल्यापैकी जे गाडी चालवतात त्यांनी कॉलनीच्या वळणावर आपणहून वेग कमी करावा. त्या रस्त्यावर कोणाची तरी आई देवळातून घरी येत असते.