दाहक स्तनकर्करोग
दाहक स्तनकर्करोग : स्तनकर्करोगाचा दुर्मिळ, अतिशय आक्रमक प्रकार. एकूण स्तनकर्करोगांत त्याचे प्रमाण १ ते ५ टक्के. कर्कपेशी त्वचेतील लसीकावाहिन्या अडवतात. त्यामुळे काही आठवड्यांतच स्तन लाल, गरम व सुजलेला होतो आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसते. बहुधा गाठ हाताला लागत नाही. निदान होते तेव्हा रोग किमान तिसऱ्या टप्प्यात असतो. आधी रसायनोपचार, मग शस्त्रक्रिया, नंतर किरणोपचार हा प्रस्थापित क्रम. तरीही अमेरिकी आकडेवारीनुसार पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्केच आहे.

म्हणूनच या रोगात वेळ निर्णायक ठरतो. उदाहरणार्थ, पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूरहून मुंबईतील परळचे टाटा स्मारक रुग्णालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. त्यामुळे पहिली शंका तिथल्या स्थानिक दवाखान्यातच यायला हवी. जंतुसंसर्गाने होणारा स्तनदाह, विशेषतः अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत, कितीतरी अधिक आढळतो. तेव्हा प्रत्येक सुजेला कर्करोग कसे समजावे, हा आक्षेप रास्त आहे. आधी प्रतिजैविके देण्यात चूक नाही. परंतु आठवडा-दोन आठवड्यांत उतार पडला नसतानाही तीच चालू ठेवणे घातक. अशा वेळी ऊतकपरीक्षेसाठी तातडीने पाठवणे हाच सुज्ञ मार्ग होय.