एका बुधवारची उत्तरपत्रिका

बुधवार, ता. १ जून १९३२ रोजीं स्कॉटलंडमधील शाळांतून एक विलक्षण परीक्षा झाली. १९२१ सालीं जन्मलेलीं आणि त्या दिवशीं शाळेंत हजर असलेलीं जवळजवळ सर्व मुलें, एकंदर ८७,४९८, एकच बुद्धिमापनाची प्रश्नपत्रिका सोडवीत बसलीं होतीं. खाणमजुराचा मुलगा काय किंवा वकिलाची मुलगी काय, दोघांपुढें कागद तोच! काम संपलें, गुणांच्या वह्या ठेवून देण्यांत आल्या आणि पुढें त्यांचा बहुतेकांस विसर पडला.

साठांहून अधिक वर्षांनीं व्हॉली व डिअरी या संशोधकांनीं त्या वह्या पुन्हां उघडल्या. ॲबर्डीन शहरांतील २,७९२ नांवें घेऊन, कोण हयात आहे व कोण केव्हां वारलें, याचा त्यांनीं माग काढला. २,२३० जणांचा पत्ता लागला. २००१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा: अकराव्या वर्षीं ज्याचा बुद्ध्यंक पंधरानें कमी, त्याची ७६ व्या वर्षीं हयात असण्याची शक्यता सुमारें एक-पंचमांशानें कमी.

यावरून बुद्धि म्हणजेच आयुष्याची दोरी, असें मानणें उतावीळपणाचें होईल. अकरा वर्षांच्या मुलाच्या गुणांत त्याच्या आईचें पोषण, बाळपणींचीं दुखणीं, घरांतलें बोलणें हेंही उतरलेलें असतें. शिवाय त्या काळीं तेथें सक्तीचें शिक्षण चौदाव्या वर्षीं संपे. पुढें शिकलेल्यास एक प्रकारचें काम व राहणी मिळे, शाळा सोडणारास दुसऱ्या प्रकारची. नुसत्या दाटीच्या वस्तीचा मृत्यूशीं संबंध मात्र त्या पाहणींत क्षीणच आढळला.

त्या परीक्षेनंतर दोनच वर्षांनीं, १९३४ सालीं, स्कॉटलंडमध्येंच कर्मॅक, मॅकेंड्रिक व मॅकिन्ले यांनीं ब्रिटन व स्वीडन येथील मृत्युसंख्या पिढीवार मांडून पाहिली. बालपणींची परिस्थिति सुधारली कीं त्या पिढीचें मृत्युमान उतारवयापर्यंत खालीं राहतें, असें त्यांस दिसलें. तान्ह्या मुलांचें मृत्युमान तेवढें त्यांच्या आयांच्या पिढीला अनुसरून चाले. यांतील कर्मॅक १९२४ सालीं प्रयोगशाळेंतील स्फोटानें अंध झाला होता. तरीहि आकड्यांत इतरांस न दिसलेलें त्यास दिसलें.

ॲबर्डीनच्या पुरुषांचा हिशेब मात्र स्त्रियांइतका सरळ निघाला नाहीं. १९३९ सालीं महायुद्ध सुरू झालें तेव्हां हीं मुलें अठरा वर्षांचीं होतीं. त्यांपैकीं जे रणांगणावर पडले, त्यांचे गुण तुलनेनें अधिक होते.