लाडूच्या पाण्यातली मिरपूड: सापाच्या एका माइटचा इतिहास

आजचा भाग ऐकताना अंगाला खाज सुटेल, आधीच सांगून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री साडेअकराला माझ्या मावसभावाचा फोन आला. "ताई, लाडू तीन दिवस झाले पाण्यातच बसलाय." लाडू म्हणजे त्याचा बॉल पायथन. घाबरला की हा साप डोकं मधे घेऊन गोल गुंडाळी करतो, म्हणून लाडू. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. (आपले देशी साप घरी पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि अशा परदेशी सापांचीही आता नोंदणी लागते. हा प्रश्न येणारच, म्हणून लगेच सांगितलं.) दुकानदार त्याला म्हणाला होता, "बसू दे की, उकडतंय त्याला."

दुसऱ्या दिवशी मी गेले. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके होते. त्यातले दोन-तीन हलत होते. लाडूच्या अंगावर पांढरट भुकटी, डोळ्यांच्या कडा सुजलेल्या आणि मानेवर मागच्या वेळची कात चिकटून राहिलेली. साप निरोगी असेल तर कात बहुतेक एकसंध निघते, उलटा काढलेला पायमोजाच जणू. लाडूची तुकड्यातुकड्याने निघाली होती आणि एका डोळ्यावरचा पारदर्शक पापुद्रा तसाच अडकला होता.

ते ठिपके म्हणजे ओफिओनिसस नॅट्रिसिस, सापाचा माइट. मिरचीवरचा लाल कोळी, कुत्र्याला खरूज आणणारा किडा, ही सगळी याचीच भावकी. आकार जेमतेम एक मिलिमीटर, तोही पोटभर रक्त प्यायल्यावर. खवल्यांच्या खाली, हनुवटीच्या खाचेत, डोळ्यांच्या कडेला घुसून बसतो. साप पाण्यात बसतो तो हे बुडावेत म्हणून. आणि ती पांढरी भुकटी म्हणजे, सॉरी, त्यांची विष्ठा.

भावाने लाडूला कोमट पाण्यात अंघोळ घातली. ठिपके गेले. आम्ही खूश! दहा-बारा दिवसांनी सगळे परत हजर. मग त्याच दुकानदाराने कुत्र्याच्या गोचिडांचा स्प्रे दिला. तो मारल्यावर लाडू थरथरायला लागला. उताणा केला तर पालथं होता येईना. साप उताणा पडून राहणं हे फार वाईट लक्षण असतं. तिसऱ्या दिवशी तो गेला. मावशी एरवी त्या खोलीत पाऊल टाकत नसे, पण त्या रात्री ती जेवली नाही.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. रडून झाल्यावर मी काय करणार, जुने कागद काढून बसले. आणि जे सापडलं त्याने मला जरा ओशाळं झालं, कारण आमच्या घरात जे घडलं ते जगातल्या मोठमोठ्या प्राणिसंग्रहालयांत आधीच घडून गेलेलं होतं.

सुरुवात फ्रान्समध्ये. १८४४ मध्ये पॉल जर्व्हे या प्राणिशास्त्रज्ञाने या माइटचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. 'नॅट्रिसिस' हे नाव नॅट्रिक्सवरून, म्हणजे युरोपातल्या पाण्याकाठच्या सापावरून. (आपल्या दिवडाचंही जुनं नाव नॅट्रिक्सच होतं, नंतर बदललं.) काळ बघा. १८४१ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात एक अजगर मादी अंड्यांना वेटोळं घालून बसली होती आणि लोक थर्मामीटर लावून तिचं तापमान मोजत होते. १८४९ मध्ये लंडनच्या झूमध्ये जगातलं पहिलं सर्पघर उघडलं. म्हणजे साप मोठ्या संख्येने पेटीत राहायला येण्याचा आणि या माइटला नाव मिळण्याचा काळ एकच.

लंडनमध्ये सापांना थंडी वाजू नये म्हणून पेटीत घोंगड्या ठेवत. १८५१ मध्ये एका बोआने त्यातली एक घोंगडी गिळली आणि काही आठवड्यांनी ओकून टाकली. पेपरवाल्यांची चंगळ. माझं लक्ष मात्र घोंगडीवरच अडकलं. उबदार, दमट, अंधारी, हजार घड्यांची. माइटला पाळणाघर बांधून द्यायचं तर यापेक्षा चांगलं काय देणार? हा माझा तर्क आहे, त्या घोंगडीत माइट होते असा पुरावा माझ्याकडे नाही. पण घोंगडीचं महत्त्व पुढे कळेल.

कारण पुढची शंभर वर्षं बहुतेकांचं लक्ष सापावरच होतं. साप धुवा, सापाला तेल लावा, साप पुसा.

मग येतो जोसेफ कॅमिन. अमेरिकन माणूस, आयुष्यभर माइटांमध्ये रमलेला. तुमच्यापैकी कुणी उत्क्रांती शिकताना 'कॅमिनाल्क्यूल्स' नावाचे काल्पनिक प्राणी वर्गीकरणासाठी वापरले असतील तर ते याच्याच डोक्यातून आलेले. १९४८ मध्ये त्याने दाखवून दिलं की हा माइट नुसतं रक्त पीत नाही, एका सापाचा जंतुसंसर्ग दुसऱ्या सापापर्यंत नेतो. ज्या जिवाणूला आज आपण एरोमोनास हायड्रोफिला म्हणतो, तो रक्तात शिरला की साप मरतात. म्हणजे खाजेचा किडा अचानक साथीचा वाहक ठरला. एका पेटीतला त्रास आता अख्ख्या सर्पघराचा.

पण मला १९५३ चा कॅमिन जास्त आवडतो. त्या वर्षी शिकागोहून त्याचा या माइटच्या जीवनचक्रावरचा अभ्यास छापून आला. माइट कुठे जातो, उजेडाला काय करतो, फट दिसली तर काय करतो, हे सगळं त्याने चिकाटीने पाहिलं होतं. पाच अवस्था: अंडं, अळी, पहिलं पिल्लू, दुसरं पिल्लू, प्रौढ. यातले रक्त पिणारे फक्त दोन, पहिलं पिल्लू आणि प्रौढ. पोट भरलं की मादी सापावरून उतरते आणि अंधारी, दमट, घट्ट फट शोधून तिथे अंडी घालते. आयुष्यभरात साठ ते ऐंशी. नर भेटला नाही तरी अडत नाही, बिनफलित अंड्यांतून नर निघतात. उबेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास दोनेक आठवड्यांत पुरा.

आता आमच्या अंघोळीचं गणित लावा. आम्ही सापावरचे धुतले. अंडी होती पेटीच्या प्लायवुडच्या सांध्यात.

एवढं कळूनही लोकांनी काय केलं? सोपा रस्ता धरला. साठच्या दशकात बाजारात डायक्लोरव्हॉस भरलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या. हे आपल्या शेतकऱ्यांचं 'नुवान' हो, ज्यावर भारतात २०२० अखेरीपासून बंदी आहे. पट्टी टांगायची, वाफ पसरते, माइट मरतात. घरातल्या माशांसाठी बनवलेली ही पट्टी सर्पघरांत पोचली. काम करायची, खोटं कशाला बोलू. पण हे विष नसांवर काम करतं आणि नसा सापालाही असतात. पट्टी मोठी झाली, पेटी बंद राहिली, साप पाण्याच्या भांड्यातून ते पाणी प्यायला, की थरथर. उताणा केला तर पालथं होता येत नाही. हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप बंद करून गच्चीवर जाऊन बसले.

दुसरा रस्ता विषाशिवायचा होता. सिलिका एअरोजेलची अतिबारीक पूड माइटच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून घेते आणि तो वाळून मरतो. १९६० च्या सुमाराला हे प्रयोग झाले आणि १९६४ मध्ये खुद्द कॅमिनने तीन सहकाऱ्यांबरोबर पाळीव सापांच्या संग्रहांत माइट आवरायचा कसा यावर लेख लिहिला. नंतर आयव्हरमेक्टिन आलं, कोविडमध्ये घराघरात पोचलेलं नाव. जपानमधल्या मातीतून मिळालेल्या जिवाणूपासून बनलेलं, २०१५ चं नोबेल मिळवून देणारं. प्राण्यांच्या डॉक्टरने मोजून दिलं तर सापांना चालतं, पण कासवांना घातक आहे हे १९८३ मध्येच छापून आलं होतं. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी हे वाक्य परत ऐका. आता तर माइट खाणारे दुसरे माइट पेटीत सोडतात. काट्याने काटा.

लाडू गेल्यानंतर तीन आठवड्यांनी भावाने ती लाकडी पेटी ऑनलाइन विकायला टाकली. मी फोटो पाहिला आणि फोन लावला.

"ताई, हजार रुपये येतील. साप तर नाहीये ना आता."

मी म्हटलं, टॉर्च घे आणि मागच्या कोपऱ्यातल्या सांध्यात मार. उजेड थेट नको, तिरपा. प्रौढ माइट चाळीसेक दिवस जगू शकतो.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "हलतायत."

जाहिरात त्याने तेव्हाच काढली. पेटी आम्ही दोघांनी मिळून फोडली, आणि पावसाने उघडीप दिल्यावर मावशीने ती स्वतः बंबात घातली.